आधी पुस्तक येऊ द्या, मग लेखक

धुळ्याच्या तुरुंगात १९३२ साली २१ फेब्रुवारीपासून १९ जूनपर्यंत दर रविवारी एक व्याख्यान होत असे. बोलणारे विनोबा, ऐकणारे कैदी. अठरा रविवार, गीतेचे अठरा अध्याय. ऐकणाऱ्यांत साने गुरुजी होते आणि ते भराभर लिहून घेत होते. त्यांनी लिहून घेतलं म्हणून ‘गीता प्रवचने’ हे पुस्तक झालं. नाहीतर विनोबा तुरुंगात काहीतरी छान बोलायचे, एवढीच आठवण बरोबरच्या कैद्यांपुरती उरली असती.

खानदेशात बोललेलं जे टिकलं, ते बरंचसं ऐकणाऱ्यांमुळे टिकलं. जळगावच्या आमच्या विद्यापीठाला २०१८ साली ज्यांचं नाव दिलं गेलं, त्या बहिणाबाईंना लिहिता-वाचता येत नव्हतं. शेतात, जात्यावर त्या म्हणत गेल्या, घरच्यांनी ते कागदावर उतरवलं. मुलाने, म्हणजे कवी सोपानदेवांनी, त्या वह्या आचार्य अत्र्यांना दाखवल्या आणि बहिणाबाई गेल्यावर १९५२ साली पुस्तक निघालं. घरात ऐकणारा कान नसता तर असोद्याची ती बाई आज कुणाला माहीत असती?

ही पूर्वपुण्याई सांगून छाती फुगवण्यासाठी हा लेख नाही. विषय आजचा आहे. विद्यापीठाच्या आणि तालुक्यातालुक्यातल्या कॉलेजांच्या आवारात बाहेरून लेखक बोलावले जातात, त्यांची जाहीर व्याख्यानं होतात, त्यातून नेमकं काय होतं, हा प्रश्न आहे. मी मराठी शिकवतो. असे कार्यक्रम आखतो, त्यांत खुर्च्याही उचलतो आणि मागच्या रांगेत बसून जांभयाही दाबतो. माझं म्हणणं सरळ आहे. ज्या लेखकाची निदान एक कथा, दहा कविता, एखादं प्रकरण आपल्या वीसेक मुलांनी आधी वाचलेलं नाही, त्याला बोलावू नये. आणि बोलावलं तर तो जेवढा वेळ बोलेल तेवढाच वेळ मुलांच्या प्रश्नांना द्यावा. या दोन गोष्टी जमत नसतील तर कार्यक्रम रद्द करावा, त्यात कुणाचं काही बिघडत नाही.

सध्या काय चालतं ते एकदा जवळून बघू. पत्रिकेवर वेळ अकराची असते. संस्थेचे अध्यक्ष बाराला येतात, म्हणून कार्यक्रम बाराला सुरू होतो. प्रतिमापूजन, दीपप्रज्वलन (पंखा बंद करा, समई विझतेय, मग पंखा चालू करा), स्वागतगीत. मंचावर आठ-नऊ माणसं. प्रत्येकाला शाल, श्रीफळ, गुलाब, आणि प्रत्येक सत्काराआधी सूत्रसंचालकाची एक चारोळी. प्रास्ताविकात संस्थेची स्थापना, नॅकची (म्हणजे कॉलेजांचं मूल्यांकन करणाऱ्या परिषदेची) श्रेणी, नव्या इमारतीचा प्रस्ताव. परिचय करून देणारे सर लेखकाने व्हॉट्सॲपवर पाठवलेला बायोडाटा वाचतात. पुरस्कारांची यादी पानभर चालते, पुस्तकात काय आहे यावर अर्धं वाक्य येत नाही. उपस्थितीचा कागद मागून पुढे फिरतो आणि दाराशी एनएसएसची दोन मुलं उभी असतात, कुणी पळू नये म्हणून. लेखक माईकसमोर येतो तेव्हा सव्वा वाजलेला असतो. सकाळच्या कॉलेजची मुलं साडेसातपासून उपाशी असतात आणि खेड्यावर जाणारी एसटी दीडला सुटायची असते. मुली दप्तर मांडीवर घेऊन बसतात. वीस मिनिटांत चिठ्ठी जाते, ‘सर, आवरतं घ्यावं.’ मग अध्यक्षीय समारोप, तो मात्र आवरता घेतला जात नाही. शेवटी आभार मानणारे सांगतात की वेळेअभावी प्रश्नोत्तरं घेता येत नाहीत, क्षमस्व.

त्यानंतर पाहुण्यांना भरीत आणि कळण्याची भाकरी. हिवाळा असला तर हे जेवण मात्र मनापासून होतं आणि त्याची आठवण लेखक पुढे दहा वर्षं काढतात. संध्याकाळी त्यांना जळगाव नाहीतर भुसावळला गाडीत बसवून दिलं की आयोजक मोकळे. मुलांच्या हाती लेखकासोबतचा एक सेल्फी उरतो, तोही ज्यांना पुढे जायची हिंमत झाली त्यांच्या. त्यांनी त्याचं एक पान वाचलेलं नसतं आणि या कार्यक्रमानंतर वाचायचं काही कारणही नसतं.

यात दोष एकट्या-दुकट्याचा नाही, हे मान्य. मराठी विभागाचं कॅलेंडरच असं ठरलेलं आहे. १५ ऑक्टोबरला वाचन प्रेरणा दिन, १४ ते २८ जानेवारी भाषा संवर्धन पंधरवडा, २७ फेब्रुवारीला मराठी भाषा गौरव दिन. मध्ये कुठेतरी वाङ्मय मंडळाचं उद्घाटन, जे जुलैत व्हायला हवं आणि डिसेंबरात होतं. प्रत्येक दिवसाचं परिपत्रक येतं, प्रत्येकाचा अहवाल जातो, अहवालाला जिओ-टॅग, म्हणजे ठिकाणाची नोंद असलेला, फोटो लागतो. परिणाम असा की जानेवारी-फेब्रुवारीत सगळ्या कॉलेजांना एकाच वेळी लेखक हवे असतात. जरा नाव असलेला कवी एका दिवसात सकाळी चोपडा, दुपारी अमळनेर, संध्याकाळी धरणगाव असा फिरतो आणि तिन्हीकडे तेच भाषण करतो. त्याला तरी नावं कशाला ठेवायची? तिन्हीकडे त्याचं काही न वाचलेली माणसंच समोर असतात. त्यांच्यासाठी वेगळं काय बोलणार? मार्चपासून पुढे कुणाला लेखक नको असतो.

शिवाय या सगळ्याचा भार ज्याच्या खांद्यावर असतो, तो बहुधा तासिका तत्त्वावरचा तरुण शिक्षक. कायम जागा रिकाम्या आहेत, वर्षातले काही महिने त्याचं मानधन येत नाही, आलं तरी उशिरा येतं. फ्लेक्सवर कुणाचं नाव आधी, कुणाचं नंतर, हे सांभाळण्यात त्याचा आठवडा जातो, कारण त्यात चूक झाली तर पुढच्या वर्षीच्या नेमणुकीवर येतं. त्याने मुलांकडून पुस्तकही वाचून घ्यावं, ही अपेक्षा करताना मला संकोच वाटतो. म्हणूनच म्हणतो, कार्यक्रम कमी करा. चार व्याख्यानांच्या जागी एक. उरलेल्या तिघांचा वेळ आणि पैसा त्या एकाच्या आधीच्या तयारीला लावा.

पैशाचं गणित तर तोंडी करता येतं. दोन फ्लेक्स, मंडपवाला, नऊ शाली, नऊ नारळ, पुष्पगुच्छ, काचेची स्मृतिचिन्हं. एवढ्या खर्चात मध्यम आकाराच्या मराठी पुस्तकाच्या पंधरा-वीस प्रती आरामात येतात. लेखकाला त्याच्या पुस्तकाच्या वीस प्रती चार महिने वीस मुलांच्या हातून फिरून मळकट झालेल्या दिसल्या, तर त्या शालीची त्याला आठवणही होणार नाही. मानधनात काटकसर मात्र करू नये. ‘सर, आमचं कॉलेज ग्रामीण भागातलं आहे, समजून घ्या’ हे वाक्य ज्या मंचावर चांदीचा मुलामा दिलेली समई आणि संस्थाचालकांच्या वाढदिवसाचा बॅनर शेजारी शेजारी असतात, तिथून म्हटलेलं मी ऐकलेलं आहे.

या मताला विरोध होतो, आणि त्यातला एक विरोध मला खरोखर वजनदार वाटतो. आमचे एक ज्येष्ठ सहकारी म्हणतात, ‘तुम्ही शहरातल्या वाचकाच्या डोक्याने बोलताय. आपल्या पोरांना लेखक नावाचा प्राणी जिवंत असतो, तो आपल्यासारखाच घाम पुसतो, हे दिसणंच पुरेसं असतं.’ यात तथ्य आहे. आमच्या विद्यापीठाची हद्द जळगाव, धुळे, नंदुरबार अशी तीन जिल्ह्यांची. विद्यापीठाच्या आवारापासून धडगाव दोनशे किलोमीटरच्या घरात. सातपुड्यातल्या पाड्यावरून आलेल्या मुलीला पुस्तकाच्या कव्हरवरचं नाव म्हणजे कुठल्यातरी मेलेल्या मोठ्या माणसाचं नाव वाटत असतं. पाठ्यपुस्तकातले लेखक तिच्यासाठी फोटोतच राहतात. असा एखादा माणूस समोर उभा राहून ‘मी पण बारावीला नापास झालो होतो’ म्हणतो, तेव्हा तिच्या मनात काहीतरी हलतं, हे मी पाहिलेलं आहे. नाकारणार नाही.

पण मग त्या मुलीला त्याच्यापर्यंत पोहोचता तरी आलं पाहिजे ना. आपल्याकडच्या कार्यक्रमात ती पाचव्या रांगेपलीकडे असते आणि मधल्या चार रांगा निमंत्रितांच्या सोफ्यांनी आणि प्राध्यापकांच्या खुर्च्यांनी भरलेल्या असतात. शहादा परिसरातले भिल्ल कवी वाहरू सोनवणे यांची स्टेजवरची कविता प्रसिद्ध आहे. आमच्या नावाने मांडलेल्या स्टेजवर आम्हाला कुणी बोलावलंच नाही, बोटाने आमची जागा दाखवली गेली आणि आम्ही तिथे बसून राहिलो, असं ती सांगते. ही कविता इथल्या मातीतली आहे, कॉलेजांत शिकवलीही जाते, आणि ती शिकवणारी आम्ही माणसंच फेब्रुवारीत पुन्हा तेच स्टेज बांधतो. मंचावरून दिसणं आणि समोरासमोर बसणं यांत फार अंतर आहे. लेखक दिसावा एवढंच हवं असेल तर यूट्यूबवर मराठीतल्या बहुतेक जिवंत लेखकांची भाषणं, मुलाखती पडून आहेत. आमची मुलं एसटीत बसून ती ऐकतातही. आवाज स्पष्ट, वेळ आपली, अध्यक्षीय समारोप वगळता येतो. लेखकाला प्रत्यक्ष गावात आणायचा खटाटोप करायचा तो मोबाईलवर जे मिळत नाही त्यासाठी, म्हणजे त्याला अडवून विचारता यावं यासाठी. प्रश्नच कापले तर मोबाईल बरा.

दुसरा आक्षेप नेहमीचा. मुलं नेमलेली पुस्तकं वाचत नाहीत, हे कधी वाचणार? गाईडवर परीक्षा निघते. खरं आहे. पण आपण त्यांना काय देतो तेही बघा. ग्रंथालयातल्या कादंबऱ्या काचेच्या कपाटात, कपाटाची किल्ली ग्रंथपालांच्या टेबलात, आणि पुस्तकं घरी न्यायच्या बीटी कार्डावर आधी अभ्यासाची पुस्तकं. चारशे पानांची कादंबरी हातात दिली तर कापूस वेचायला जाणारी मुलगी ती वाचणार नाही, दोष तिचा नाही. एक कथा द्या. बारा पानांची. तासाला वाचा, मोठ्याने, आळीपाळीने. लेखकालाच फोन करून विचारा की पहिल्यांदा वाचणाऱ्यांसाठी तुमची कुठली कथा द्यावी. बहुतेक लेखक या फोनने इतके खूश होतात की मानधनाचा विषय मागे पडतो. ऑगस्टमध्ये हे केलं आणि जानेवारीत लेखक आला, तर मधल्या काळात ती कथा वर्गात रुळते. कुणाला आवडते, कुणाला खोटी वाटते.

खोटी वाटणं फार मोलाचं. केळीपट्ट्यातल्या एका कॉलेजात मी हे घडताना पाहिलं. पाहुण्या कथाकाराच्या एका कथेत केळीच्या बागेतली कापणी होती. मजूर घड कापतात आणि बांधावर त्याचा ढीग लावतात, असं वर्णन. कार्यक्रम मोठा नव्हता, वर्गातच बाकं गोल मांडलेली, मुलांनी कथा आधी वाचलेली. एक मुलगी उठली आणि अर्धं पुस्तकी मराठीत, अर्धं घरच्या लेवा गणबोलीत म्हणाली की आमच्याकडे घड असा खाली टाकत नाहीत. एक जण कापतो, दुसरा खांद्यावर झेलतो, मातीला टेकू देत नाही. टेकला की घासतो, डाग पडतो, मग व्यापारी भाव पाडतो. बाबा त्यावरून मजुरांना ओरडतात. वर्गात क्षणभर शांतता झाली, कारण पाहुण्यांना कुणी असं बोलतं का? आमच्या विभागप्रमुखांनी तिला हाताने खाली बसायची खूण केली. कथाकाराने उलट तिला थांबवलं. खांद्यावर काही घेतात का, पोतं, कापड? घड किती वजनाचा? कापणारा कुठून कापतो? पंधरा मिनिटं तो तिला प्रश्न विचारत होता आणि ती सांगत होती, तिच्या मागून आणखी दोन मुलं भर घालत होती. त्या दिवशी त्याचं ठरलेलं भाषण, ‘साहित्य आणि समाज’, झालंच नाही. कुणाला त्याची चुकचुक लागली नाही.

ती मुलगी नुसती ऐकायला बसवली असती तर तिने टाळ्या वाजवल्या असत्या आणि मनात म्हटलं असतं, लेखकांना केळी काही माहीत नसते. तिने वाचलं होतं म्हणून तिला चूक दिसली, आणि बोलायला जागा होती म्हणून ती बोलली. दोन्ही लागतं. नुसतं वाचून घेतलं आणि पुन्हा नऊ जणांचा मंच बांधला तरी उपयोग नाही.

बोलीचा मुद्दा इथे येतोच. आमच्या वर्गांत अहिराणी, लेवा गणबोली, गुजरी, भिली, पावरी बोलणारी मुलं एका बाकावर असतात. प्रश्न विचारायचा तर प्रमाण मराठीत विचारावा लागेल, न-ण चुकेल, लोक हसतील, या धास्तीने निम्मी मुलं गप्प राहतात. एखाद्याने ‘सर, तुम्ही लिखतस कसाले?’ (लिहिता कशाला?) असं विचारलं तर हॉल हसतो, आणि हसण्यात शिक्षक पुढे असतात. खरं तर लेखकाला विचारावा असा याहून थेट प्रश्न नाही. सूत्रसंचालकाने सुरुवातीलाच सांगून टाकावं, ज्याला ज्या बोलीत विचारायचं त्याने त्या बोलीत विचारा, समजलं नाही तर आम्ही सांगू. एवढ्या एका सूचनेने हात वर होतात. ज्यांना ते जमणार नाही त्यांनी आदल्या दिवशी चिठ्ठ्या गोळा कराव्यात. फक्त त्या चिठ्ठ्या शिक्षकांनी चाळू नयेत. चाळल्या की ‘तुमचे प्रेरणास्थान कोण?’ एवढीच चिठ्ठी शिल्लक राहते.

जळगावात १९०७ साली महाराष्ट्रातल्या कवींचं संमेलन भरलं होतं. त्यात धरणगावचा सोळा-सतरा वर्षांचा ठोंबरे आडनावाचा पोरगा उभा राहिला, त्याने कविता म्हटली, आणि अध्यक्ष डॉ. कीर्तिकरांनी त्याला ‘बालकवी’ म्हटलं. तेच नाव पुढे राहिलं. पाहुण्या कवींच्या मांदियाळीत गावाकडच्या पोराला कुणीतरी उभं राहू दिलं होतं. आज तो पोरगा स्वयंसेवकाचा बिल्ला लावून पार्किंगला उभा असता. आमच्या आवारांत लिहिणारी मुलं नाहीत असं नाही. आहेत, वह्या भरलेल्या आहेत. लेखक येतो त्या दिवशी त्यांच्यातल्या दोघांना पाच-पाच मिनिटं का मिळू नयेत? आठ सत्कार कमी केले की सहज मिळतात.

आता गावाचं. व्याख्यान जाहीर आहे असं पत्रिकेवर छापतात, पण गावातलं कुणी येत नाही. कसं येणार? विद्यापीठाचं आवार शहराबाहेर महामार्गालगत, वेळ भरदुपारची, गेटवर रखवालदार नाव-गाव विचारणार. जळगाव, धुळे, अमळनेर या गावांत जुनी सार्वजनिक वाचनालयं आहेत, त्यांचे सभासद आहेत. निवृत्त शिक्षक, बँकेतले लोक, दुपारी मासिकं चाळायला येणाऱ्या गृहिणी, स्पर्धा परीक्षेची पोरं. मराठी पुस्तकं विकत घेऊन किंवा वर्गणी भरून वाचणारी माणसं असलीच तर ती इथे आहेत. लेखक सकाळी कॉलेजात मुलांबरोबर बसला आणि संध्याकाळी साडेसहाला वाचनालयाच्या सभागृहात गावाशी बोलला, तर एकाच प्रवासखर्चात दोन्ही होतं. कॉलेजने वाचनालयाला विचारायचं, वाचनालयाने कॉलेजला. कुणाचं नाव फ्लेक्सवर वर जाईल यावर हे अडतं, दुसरं काही नाही.

आणि एका दिवसाचीच सवय का? अमळनेरसारख्या गावात प्रताप शेठजींनी १९१६ साली तत्त्वज्ञान मंदिर काढलं. तिथे विद्वान यायचे ते भाषण ठोकून रात्रीच्या गाडीने जायला नव्हे, राहायला. कृष्णचंद्र भट्टाचार्यांसारखा बंगाली तत्त्वज्ञ तिथे राहून गेला. साने गुरुजी प्रताप हायस्कुलात शिकवायला लागायच्या आधी त्याच संस्थेत अभ्यासाला आले होते. १९२५ पासून तत्त्वज्ञानाचं एक इंग्रजी त्रैमासिक बोरीकाठच्या या गावातून निघायचं आणि परदेशातली माणसं त्यात लिहायची. शेठजींकडे गिरणीचा पैसा होता हे खरं, पण पैसा अनेकांकडे असतो. पाहुण्याला राहू द्यावं, त्याच्याकडून काम करून घ्यावं, हे सुचणं ही वेगळी गोष्ट. आज विद्यापीठाचं अतिथीगृह आहे, अनेक संस्थांची विश्रामगृहं आहेत, बऱ्याचदा ती रिकामी असतात. एखादा लेखक तिथे आठवडाभर ठेवला, सकाळी दोन तास मुलांच्या वह्या बघितल्या, दुपारी त्याचं त्याने लिहिलं, संध्याकाळी कुणी भेटायला आलं तर गप्पा मारल्या, तर दहा व्याख्यानांनी होणार नाही एवढं त्या आठवड्यात होईल. आजकाल श्रेयांक पद्धतीत सहशालेय उपक्रमांनाही गुण आहेत. मुलांना त्याचे गुण द्यायलाही वाट आहे.

मोठ्या सोहळ्यांना माझा विरोध नाही. अमळनेरला २ ते ४ फेब्रुवारी २०२४ या दिवसांत सत्त्याण्णवावं साहित्य संमेलन झालं, त्याच गावात विद्रोही संमेलनही झालं, तेव्हा दोन्ही मंडपांत फिरताना मजा आली. १९५२ साली याच गावात कृ. पां. कुलकर्णींच्या अध्यक्षतेखाली संमेलन झालं होतं, म्हणजे अमळनेरकरांना बहात्तर वर्षांनी पुन्हा मान मिळाला. जत्रा वर्षानुवर्षांनी एकदा भरावी, धूळ उडावी, पुस्तकांचे गाळे लागावेत. पण कॉलेजच्या आवारातला कार्यक्रम जत्रेची छोटी नक्कल करायला जातो, तिथे फसतो. त्याला मंडप लागत नाही, त्याला गोल मांडलेली बाकं लागतात.

एक भीती आजकाल न बोलता काम करते. लेखक काय बोलेल? कुणी निवेदन घेऊन आलं तर? म्हणून संस्था गुळगुळीत विषय देतात. ‘साहित्यातून जीवनदर्शन’, ‘वाचन संस्कृती काळाची गरज’. पाहुणाही ओळखतो आणि गुळगुळीत बोलतो. यवतमाळच्या साहित्य संमेलनातून २०१९ साली इंग्रजी लेखिका नयनतारा सहगल यांचं निमंत्रण मागे घेतलं, तेव्हा त्यांचं न झालेलं भाषण उभ्या महाराष्ट्रात वाचलं गेलं. भीतीने गप्प बसवण्याचा तसा काही उपयोग होत नाही. आणि मुलांनी पुस्तक वाचलेलं असेल तर पाहुण्याशी मतभेद कसा मांडायचा हे तीच शिकतात. न वाचलेल्या गर्दीपुढेच कुणीही येऊन काहीही भडकवू शकतो, लेखकही आणि त्याला विरोध करणाराही.

यंदाचा भाषा पंधरवडा जवळ आला की विभागाच्या बैठकीत हा विषय मी मांडणार आहे, आणि पहिला प्रश्न काय येईल तेही ठाऊक आहे. ‘मग नॅकला काय दाखवायचं?’ फोटो दाखवा, कुणी अडवलंय, गोल बाकांचाही जिओ-टॅग फोटो निघतो. त्याच्या मागे मुलांनी विचारलेले सगळे प्रश्न, ज्याने विचारले त्याच्या नावासकट आणि ज्या बोलीत विचारले त्या बोलीत, टाईप करून परिशिष्ट म्हणून जोडा. समितीतल्या कुणी ते पान उलटलं तर उलटलं. नाहीच उलटलं तर पुढच्या वर्षी कुठला लेखक बोलवायचा हे ठरवताना त्याच यादीपासून सुरुवात करू.